मृगाच्या आधी सोयऱ्यांच्या दारी



रब्बीची ज्वारी पोत्यात गेली, गव्हाची मळणी उरकली, कडब्याची गंज रचून झाली. नांगरट करून टाकलेली ढेकळे उन्हात तापत पडली आहेत. तापू द्यावीत. जमिनीतल्या किडींचे कोष वर येऊन उन्हाने मरतात, ते कामच आहे. आता मे महिन्याच्या २५ तारखेला रोहिणी लागेल आणि ७-८ जूनला मृग. एकदा मृगाचा पाऊस झाला की मग पेरणी, खुरपणी, कोळपणी आणि काढणी. दिवाळीपर्यंत मान वर करायला सवड नाही. बागाईतदाराला तर आताही पुरती उसंत नसते, कारण ऊस आणि भाजीपाला पाणी मागतोच. तरीपण वर्षात शेतकऱ्याच्या वाट्याला सोयऱ्याधायऱ्यांकडे जायचे दिवस येतात ते हेच.

शहरातली माणसे उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जातात. आपण जातो ते माणसांकडे. मामाचे गाव, आत्याचे गाव, मावशीचे गाव, लेकीचे सासर, ही आपली हवापालटाची ठिकाणे. आणि ही रीत काही कुणी उगाच पाडलेली नाही. प्रत्येक मुलखाने आपल्या पिकापाण्याप्रमाणे तिचा दिवस ठरवलेला आहे. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, पुरणाचे मांडे आणि आंब्याचा रस होतो. सालदाराचे साल त्याच सणाला संपते आणि नवे धरते, म्हणून शेतमालकालाही तो हिशेबाचा दिवस. देशावर चैत्र-वैशाखात गावोगाव यात्रा भरतात. पालखी निघते, छबिना होतो, कुस्त्यांचा फड लागतो आणि त्या निमित्ताने मुंबई-पुण्याला गेलेली भावकी गावात उतरते. कोकणात चाकरमानी येतात ते आंब्या-फणसाला. मराठवाड्यात, विदर्भात लग्नसराईच्या निमित्ताने साऱ्या गोताची गाठ पडते. निमित्त वेगवेगळे, पण मतलब एकच. पेरणीच्या आधी एकदा सगळ्यांनी एकमेकांची तोंडे पाहून घ्यायची.

आता जायची तऱ्हा मात्र फार बदलली. आपल्या आज्या-पणज्या माहेरी गेल्या त्या छकड्यातून. उन्ह टाळायला रात्रीचा प्रवास. गाडीखाली कंदील बांधलेला, आत गोधडी अंथरून पोरे निजवलेली, पहाटे ओढ्याकाठी बैल सोडायचे आणि शिदोरी उघडायची. दहा कोसांच्या वाटेला एक रात्र जायची, म्हणून गेलेले माणूस आठ-पंधरा दिवस राहूनच परतायचे. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एस.टी. धावली (त्या नगरचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे) आणि पुढे लाल गाडी खेड्यापाड्यांत पोहोचली. मामाच्या गावची वाट एका दिवसाची झाली.

त्या वाटेवरून जाताना पोरांना एक गोष्ट जरूर सांगा. १९७२ च्या दुष्काळात पाऊस गेला, विहिरी आटल्या, तेव्हा सरकारने दुष्काळी कामे काढली. हजारो बायामाणसे खडी फोडत बसली, सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले. त्या हातांनी कितीतरी गावांचे रस्ते आणि पाझर तलाव झाले. तुमची गाडी आज ज्या रस्त्याने सुसाट जाते, त्याच्या खालची खडी कदाचित तुमच्याच आजीने फोडलेली असेल. त्याच दुष्काळात ज्यांच्या गावाला पाणी होते, त्यांनी सोयऱ्यांची गुरे आपल्या दावणीला बांधून घेतली. ती ओळख बँकेच्या खात्यावर दिसत नाही. ती टिकते ती जाण्यायेण्याने. वर्षानुवर्षे ज्या दारात पाय ठेवला नाही, त्या दारात अडीच्या वेळी बैल घेऊन कसे जाणार?

आज घरोघरी मोटारसायकल आहे, कुणाकडे जीप आहे, कुणी चार घरे मिळून गाडी ठरवतात. एका दिवसात पाच गावे होतात. पण होते काय? पाहुणे येतात, चपला दारात काढतात, चहा होतो, फोटो होतो आणि गाडी वळते. 'अजून दोन घरे करायचीत' म्हणून निघतात. घरे 'केली' जातात, माणसे भेटतच नाहीत. माझे म्हणणे असे की पाच घरे करण्यापेक्षा दोनच करा, पण मुक्कामाला राहा. तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल गेली, असे जुनी माणसे म्हणत. तेव्हा दोन रात्री पुरेत.

मुक्कामाचा फायदा काय तो ऐका. चहाच्या वेळी सगळ्यांचे सगळे बरे चाललेले असते. रात्री अंगणात बाजा टाकल्या, दिवा मालवला, म्हणजे मग खरे बोलणे निघते. थोरल्या पोराचे लग्न जमत नाही, सोसायटीचे कर्ज थकले आहे, सुनेला बरे नसते, दोन वर्षे कांद्याने मारले, हे अंधारात बोलले जाते. कर्जाने आणि नापिकीने आपल्यातली किती माणसे जिवाला मुकली, हे तुम्हाला ठाऊक आहे. असा माणूस फोनवर 'ठीक आहे' एवढेच म्हणतो. भावाला किंवा मेहुण्याला शेजारच्या बाजेवर त्याचा उसासा ऐकू येतो. तो ऐकू आला तर सकाळी निघायची घाई करू नका. एक दिवस जास्त राहा, अक्कल गेली म्हटले तरी चालेल. त्याला एकटे सोडू नका, दवाखान्याची गरज दिसली तर बरोबर जा, आणि कर्जाचा कागद दोघांनी मिळून वाचा.

दुसरा फायदा शेतीचा. सोयऱ्याच्या रानात पहाटे एक चक्कर मारली तर पुस्तकाइतके शिकायला मिळते. त्याने ठिबक कसे अंथरले, जनावरांना मुरघास कसा केला, कोणत्या वाणाला रोग कमी आला, हे डोळ्यांनी दिसते. येताना बियाणेही आणता येते, पण ते पारखून. सोयाबीनसारख्या सरळ वाणाचे घरचे बी चालते. मात्र घरी आल्यावर शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, पाणी शिंपडत राहा आणि सात-आठ दिवसांनी उगवलेले मोजा. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर नेहमीच्या मापाने पेरा. थोडे कमी असतील तर बी वाढवा, फारच कमी असतील तर ते बी पेरूच नका. संकरित कपाशीची सरकी मात्र सोयऱ्याने प्रेमाने दिली तरी पेरायची नाही. संकरित वाणाचे गुण पुढच्या पिढीत तसे उतरत नाहीत.

आता ज्या घरी जायचे त्या घराचा विचार करू. वैशाखात विहिरीचा तळ दिसतो. कित्येक गावांत टँकर येतो, घरच्या बाईला हंडा-हंडा पाणी जपून वापरावे लागते. अशा घरी दहा माणसे उतरली म्हणजे अंघोळीलाच किती पाणी लागेल, याचा हिशेब पाहुण्याने आधी करावा. जाण्याआधी कळवावे. किती माणसे येणार आणि किती रात्री राहणार हे स्पष्ट सांगावे. जाताना पेढ्याच्या पुड्याबरोबर पायलीभर गहू, चार शेर डाळ, गुळाची ढेप असे काही न्यावे. त्याने कुणाचा मान जात नाही, उलट चुलीपुढच्या माणसाला धीर येतो.

चुलीपुढचे ते माणूस कोण? बहुतेक घरची सून. नणंद माहेरी आली, तिची पोरे आली, मामेभाऊ आले. सगळे आंब्याच्या झाडाखाली गप्पा मारतात आणि ती पहाटे चारपासून भाकऱ्या थापते. तिलाही माहेर आहे. तिचीही आई वाट बघते आहे. 'पाहुणे गेले की जा' असे तिला सांगतात आणि पाहुणे जातात तेव्हा मृग दाराशी आलेला असतो. सासूबाईंनी आणि घरच्या कारभाऱ्याने हा हिशेब चैत्रातच करावा. सुनेने आखाजीला किंवा तिच्या गावच्या यात्रेला माहेरी जावे आणि ती परतल्यावर लेकीने यावे. किंवा लेक आली म्हणजे चार दिवस चूल लेकीने सांभाळावी आणि सुनेला धाडावे. आईच्या घरची चूल लेकीला काही नवी नसते.

आणि आल्या आहेत तशा सगळ्या बायका मिळून वाळवण उरकून घ्या. कुरडयांचा चीक घाटायला दोन जणी लागतात, पापड लाटायला जितके हात तितके थोडे. शेवया, सांडगे, कुरडया, पापड, बेगमीची चटणी हे काम एकटीने करायचे म्हणजे आठवडा जातो. पाच जणींनी मिळून केले तर दोन दिवसांत होते आणि जाताना प्रत्येकीच्या पिशवीत वाटा पडतो. पुरुषमंडळींनी पाणी भरावे, वाळवणावर राखण करावी. त्यांनाही काम असू द्या.

एक माणूस नेहमी मागे राहतो, त्याची आठवण ठेवा. गुरांना चारापाणी करायला, धार काढायला, रात्री वस्तीवर निजायला कुणीतरी लागतेच. बहुतेक घरांत दरवर्षी तोच थोरला किंवा तीच म्हातारी मागे राहते. 'मला कुठे जायचंय आता?' असे ती म्हणते, म्हणून ते खरे मानू नका. तिलाही बहीण आहे. यंदा तिला पुढे बसवा आणि मागे कुणी तरणा राहू द्या.

वाटेविषयी थोडे. पहाटे निघा, दुपारी बारा ते चार सावलीला थांबा. पाण्याची भांडी भरून घ्या. दशम्या, लसणाची चटणी, कांदा ही शिदोरी दोन दिवस टिकते. दही-ताकाचे किंवा रस्स्याचे अन्न उन्हात आंबते, ते बांधू नका. कुणाला गरगरले, अंग तापले, घाम थांबला, बोलणे भरकटू लागले तर तो उष्माघात समजा. सावलीत निजवून कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसत वारा घाला आणि तातडीने दवाखान्यात न्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. १०८ क्रमांकाला फोन केला की रुग्णवाहिका येते. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा मालाच्या टेंपोत पोरेबाळे भरून देवाला, लग्नाला जाऊ नका. ट्रॉली उलटली तर धरायला काही नसते. जागा कमी पडत असेल तर निम्मी माणसे एस.टी.ने पाठवा.

एस.टी.त सवलती आहेत, त्यांचा फायदा घ्या. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास सुरू झाला आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मे तिकीट. महामंडळाचा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार दिवसांचा व सात दिवसांचा पासही आहे. सोयऱ्यांची चार गावे एका फेरीत करायची तर तो सोयीचा पडतो. पास कोणत्या गाडीला चालतो आणि सवलतीला कोणता कागद लागतो ते डेपोत आधी विचारा. आणि गावांचा क्रम लावताना जवळचे आधी, लांबचे नंतर असा लावू नका. ज्या घरी वर्षभरात दुःख झाले ते घर पहिले. मग वयाने थोर माणसाचे. मग बाकीचे.

आता सगळ्यात अवघड बोलणे. ते न बोलता हा लेख संपवला तर तुम्हीच मला बोल लावाल.

बाप जातो. सातबाऱ्यावर वारस म्हणून आई, भाऊ आणि बहिणी यांची नावे लागतात. दोन वर्षे जातात. मग एका उन्हाळ्यात बहिणीला अगत्याचा निरोप येतो, "आक्का, यंदा पोरांना घेऊन ये, चार दिवस राहा." ती आनंदाने येते. आमरस होतो, साडी होते, आणि तिसऱ्या दिवशी भाऊ म्हणतो, "आक्का, तालुक्याला जाऊन येऊ. एक सही तेवढी लागतीय."

ती बिचारी सही करते. माहेर तुटू नये म्हणून करते. आणि पुष्कळदा असे होते की सही झाल्यावर पुढच्या उन्हाळ्यात निरोपच येत नाही. जे तुटू नये म्हणून जमीन सोडली, ते जमिनीबरोबरच गेले.

कायदा काय आहे तो नीट समजून घ्या. वडिलार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात १९९४ सालीच केली. तिच्यात आधी लग्न झालेल्या मुली बसत नव्हत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो वाटा लग्न झालेल्या, न झालेल्या सर्व मुलींना मिळाला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा हक्क जन्मानेच आहे, २००५ साली बाप हयात असलाच पाहिजे अशी अट नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर नोंदणीने किंवा कोर्टाच्या हुकमाने झालेल्या वाटण्या मात्र त्याने मोडत नाहीत. बहिणीला आपला हिस्सा सोडायचा असेल तर ती सोडू शकते, पण ते हक्कसोड पत्र नोंदवावे लागते आणि ते तिच्या खुशीने असावे लागते.

म्हणून भावांना सांगणे आहे. सहीचे बोलणे करायचे तर सरळ करा, पण आमरसाच्या ताटावर करू नका. निरोपातच सांगा की जमिनीचा विषय आहे, दाजींना बरोबर आण. कागद आधी वाचून दाखवा, घरी न्यायला द्या, महिनाभर विचार करू द्या. मोबदला ठरला असेल तर तो आकडा कागदात लिहा आणि पैसे बँकेतून द्या. बहिणींनाही सांगणे आहे. न वाचता अंगठा किंवा सही करू नका. सोडायची तर उमजून सोडा, घ्यायची तर मोकळ्या मनाने मागा. हक्क मागणारी बहीण भांडखोर आणि सोडणारी तेवढी शहाणी, ही समजूत आता टाकायला हवी. आणि भावाची बाजूही बघा. दोन एकरांत त्याचेही चार जण खाणारे असतील, म्हाताऱ्या आईचे तो करत असेल. त्याचाही हिशेब दोघांनी बसून करता येतो. वाटा घेऊनही ज्यांचे जाणेयेणे टिकले अशी घरे आहेत. ती टिकली, कारण तिथे कुणी कुणाला फसवले नाही.

बांधाचे भांडण असलेल्या दोन भावांच्या गावी जाल तर दोन्ही घरचे पाणी प्या. एकाकडे जेवलात तर दुसऱ्याकडे न्याहारी करा. इकडचे तिकडे सांगू नका. जमलेच तर दोघांच्या पोरांना एका ओढ्यावर पोहायला न्या. बांध कुणी किती कोरला ते मोजणीवाला मोजून देईल. पोरांनी एकमेकांना ओळखायचे राहिले तर ते मोजून देणारा कुणी नाही.

तेव्हा मंडळी, आज रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या सगळ्यांना बसवा आणि बोटांवर नावे मोजा. आत्या किती, मावश्या किती, चुलत आज्या कोण उरल्या. शेवटचे कुणाच्या दारात कधी गेलो होतो ते आठवा. ज्या घराचे साल आठवणार नाही, त्या घरी आधी निरोप धाडा. आणि खत रानात पसरायचे राहिले असेल तर ते या आठवड्यात उरका, म्हणजे जाताना जीव मागे ओढणार नाही.